चाचणी केव्हा करावी? लैंगिक संसर्गाच्या शंकेनंतरचे ७२ तास आणि तीन महिने

असुरक्षित शरीरसंबंध घडून गेल्यानंतर मनात शंकेची पाल चुकचुकली, की माणसाच्या हातून बहुधा दोनपैकी एक चूक होते. पहिली चूक घाईची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एखाद्या खासगी प्रयोगशाळेत जाऊन रक्त द्यायचे, अहवालावर 'निगेटिव्ह' हा शब्द वाचायचा आणि सुटकेचा निःश्वास टाकून विषय कायमचा मिटवायचा. दुसरी चूक विलंबाची. काही त्रास जाणवला तर पाहू, असे मनाशी म्हणत दिवस ढकलायचे. पहिल्या चुकीतून खोटा दिलासा मिळतो आणि तो घेऊन माणूस आपल्या जोडीदाराकडे परततो. दुसऱ्या चुकीत काही तासांपुरतीच उघडी असलेली प्रतिबंधाची संधी हातातून निसटते.

या दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. संसर्ग शरीरात शिरण्याचा क्षण आणि तो चाचणीत दिसू लागण्याचा क्षण, यांत काही दिवसांचे, कधी काही आठवड्यांचे अंतर असते. हे अंतर प्रत्येक आजारात वेगळे असते. त्यामुळे 'सगळ्या चाचण्या एकदाच करून टाकू' हा विचार कितीही सोयीचा वाटला, तरी तो वैद्यकशास्त्राला धरून नाही. काही गोष्टींत त्याच रात्री धावावे लागते, काही गोष्टींत तीन महिने धीर धरावा लागतो. कोणती गोष्ट कोणत्या गटातील, एवढे समजले तरी पुष्कळ हानी टळू शकते.

गवाक्ष काळ म्हणजे काय?

वैद्यकीय परिभाषेत या अंतराला 'विंडो पीरियड' म्हणतात. मराठीत त्यासाठी 'गवाक्ष काळ' असा शब्द वापरला जातो. या काळात संसर्ग शरीरात असतो, तो दुसऱ्यालाही लागू शकतो, मात्र चाचणी त्याला पकडू शकत नाही. वाफ्यात बी टाकल्यावर दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिले, तर माती तशीच दिसते. म्हणून बी पडलेच नाही, असे कोणी शेतकरी म्हणत नाही. कोंब वर येण्याची तो वाट पाहतो.

चाचणी नेमके काय शोधते, यावर हा काळ अवलंबून असतो. काही चाचण्या जंतूचा जनुकीय अंश शोधतात. त्या सर्वांत लवकर उत्तर देतात. काही चाचण्या जंतूच्या अंगावरील प्रथिने, म्हणजे प्रतिजन, शोधतात. त्यांना थोडा अधिक वेळ लागतो. काही चाचण्या आपल्या शरीराने त्या जंतूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे शोधतात. शरीराला ती पुरेशा प्रमाणात तयार करायला आठवडे लागतात, म्हणून या चाचण्या सर्वांत उशिरा बोलतात. एकाच आजाराच्या दोन चाचण्यांचे गवाक्ष काळ वेगवेगळे का, याचे कारण हेच.

पहिले ७२ तास: येथे थांबू नये

समजा, शनिवारी रात्री दहा वाजता निरोध फाटला किंवा निरोधाविना संबंध आला, आणि समोरच्या व्यक्तीच्या एचआयव्ही स्थितीबद्दल काहीच माहिती नाही. एचआयव्हीचा संसर्ग मुळातच होऊ नये, यासाठी देण्यात येणारी प्रतिबंधक औषधे उपलब्ध आहेत. त्यांना पेप म्हणतात. ही औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. म्हणजे वरील उदाहरणात मंगळवारी रात्री दहा वाजता ही संधी संपते. मात्र '७२ तास आहेत' याचा अर्थ मंगळवारपर्यंत निवांत राहावे, असा नव्हे. जितक्या लवकर पहिली गोळी पोटात जाईल, तितके संरक्षण अधिक. पहिल्या काही तासांत सुरुवात झाली तर उत्तमच. गोळ्या २८ दिवस, एकही दिवस न चुकवता घ्याव्या लागतात.

पेप प्रत्येकाला लागतेच असे नाही. संबंध कोणत्या प्रकारचा होता, समोरच्या व्यक्तीची स्थिती काय आहे, जखम किंवा रक्तस्राव होता का, या गोष्टी विचारून डॉक्टर निर्णय घेतात. समोरची व्यक्ती एचआयव्हीबाधित असली, परंतु नियमित उपचार घेत असल्यामुळे तिच्या रक्तातील विषाणूचे प्रमाण चाचणीत न सापडण्याइतके खाली राहिले असेल, तर लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही, हे आता निर्विवाद सिद्ध झाले आहे. हा हिशेब मात्र स्वतः घरी बसून करू नये. तो डॉक्टरांवर सोपवावा.

रविवारी बाह्यरुग्ण विभाग बंद असतो आणि सोमवारी कामावर जायचे असते. या दोन कारणांनी ४८ तास सहज वाया जातात. म्हणून लक्षात ठेवावे, की गोमेकॉ व जिल्हा इस्पितळांचा आपत्कालीन विभाग, ज्याला आपण कॅज्युअल्टी म्हणतो, रात्रंदिवस चालू असतो. तेथे जाऊन 'मला एचआयव्हीच्या जोखमीविषयी, पेपसंबंधी डॉक्टरांशी बोलायचे आहे' एवढे एक वाक्य पुरे. तेथे औषध मिळाले नाही, तर एआरटी केंद्रात किंवा खासगी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ते कुठे मिळेल, हे तिथेच विचारून घ्यावे.

याच पहिल्या दिवसांत आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. 'ब' प्रकारच्या काविळीची लस पूर्वी घेतली नसेल, तर ती लगेच सुरू करता येते. समोरची व्यक्ती त्या काविळीची बाधित असल्यास डॉक्टर लसीबरोबर तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही देतात, आणि ते जितके लवकर तितके चांगले. नको असलेल्या गर्भधारणेची शक्यता असेल, तर आपत्कालीन गर्भनिरोधक गोळीही शक्य तितक्या लवकर घ्यावी लागते. या गोळीने कोणत्याही लैंगिक संसर्गापासून संरक्षण मिळत नाही, हेही येथे स्पष्ट करायला हवे. गोळी घेतली म्हणजे सगळेच निभावले, असा समज अनेकांचा असतो.

जबरदस्तीने अत्याचार झाला असेल, तर सरकारी असो वा खासगी, कोणत्याही इस्पितळाने पीडित व्यक्तीवर तातडीने आणि विनामूल्य उपचार करणे कायद्याने बंधनकारक आहे. आधी पोलीस तक्रार आणा, मग उपचार करू, असे कोणालाही म्हणता येत नाही.

पहिल्या दिवशीची चाचणी कशासाठी?

पेप सुरू करताना डॉक्टर एचआयव्हीची चाचणी करायला सांगतात. येथे अनेकांचा गोंधळ होतो. शनिवारची घटना आणि रविवारी चाचणी, मग तिला अर्थ काय? अर्थ आहे, मात्र तो वेगळा आहे. ही चाचणी शनिवारबद्दल काहीच सांगत नाही. ती त्याआधीच्या काळाबद्दल सांगते. पूर्वीच कधी संसर्ग झालेला असेल तर तो आत्ता कळतो, आणि नंतरच्या अहवालाशी तुलना करायला एक आधार मिळतो. म्हणून ही चाचणी जरूर करावी. तिचा 'निगेटिव्ह' हा निकाल मात्र शनिवारचे प्रमाणपत्र समजू नये.

दोन आठवडे: परमा आणि क्लॅमिडिया

परमा, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत गोनोरिया, आणि क्लॅमिडिया हे दोन जिवाणूंमुळे होणारे आजार आहेत. पुरुषांत परम्याची लक्षणे बहुधा आठवडाभरात दिसतात: लघवी करताना जळजळ, लिंगातून पू येणे. क्लॅमिडियाची लक्षणे एक ते तीन आठवड्यांत दिसू शकतात. स्त्रियांत मात्र या दोन्ही आजारांची लक्षणे बहुतेक वेळा दिसतच नाहीत, आणि पुरुषांतही क्लॅमिडिया अनेकदा मुकाच राहतो. उपचाराविना राहिलेला हा संसर्ग स्त्रियांच्या गर्भाशयाकडे आणि बीजवाहिन्यांकडे सरकतो. पुढे ओटीपोटातील दुखणे, गर्भनलिकेतील गर्भधारणा आणि वंध्यत्व हे त्याचे परिणाम असू शकतात. मूल होत नाही म्हणून वर्षानुवर्षे दवाखाने पालथे घालणाऱ्या काही जोडप्यांच्या दुःखाच्या मुळाशी असा कधीच न ओळखलेला संसर्ग असतो.

या दोन्हींसाठी जनुकीय अंश शोधणारी चाचणी उत्तम. ती घटनेनंतर दोन आठवड्यांनी केली तर निकालावर विश्वास ठेवता येतो. आपल्या उदाहरणात हा दिवस त्या शनिवारनंतरचा दुसरा शनिवार. पुरुषांनी लघवीचा नमुना द्यायचा असतो. तो देताना दोन गोष्टी पाळाव्यात: त्याआधी किमान तासभर लघवी केलेली नसावी, आणि नमुना सुरुवातीच्या धारेचा असावा. साध्या लघवीच्या तपासणीत मधल्या धारेचा नमुना घेतात, त्याच्या हे उलट आहे. स्त्रियांच्या बाबतीत योनिमार्गातील स्राव कापसाच्या काडीवर घेतला जातो. मुखमैथुन किंवा गुदमैथुन झाले असेल, तर घशातील किंवा गुदद्वारातील नमुना स्वतंत्रपणे घ्यावा लागतो. घशातील परमा लघवीच्या तपासणीत दिसत नाही. म्हणून संबंधाचा प्रकार डॉक्टरांना न लाजता सांगणे, हा चाचणीचाच भाग आहे.

ट्रायकोमोनास या परजीवीचा संसर्गही स्त्रियांत आढळतो. दुर्गंधीयुक्त स्राव आणि खाज ही त्याची लक्षणे साधारणपणे पाच दिवसांपासून चार आठवड्यांपर्यंत दिसू लागतात.

सहा आठवडे ते तीन महिने: रक्ताच्या चाचण्या

एचआयव्हीच्या बाबतीत चाचणीचा प्रकार विचारून घेणे अत्यावश्यक आहे. विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी साधारण १० ते ३३ दिवसांत संसर्ग पकडू शकते. शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत केली जाणारी, प्रतिजन आणि प्रतिपिंडे दोन्ही शोधणारी चाचणी, जिला चौथ्या पिढीची चाचणी म्हणतात, १८ ते ४५ दिवसांत. केवळ प्रतिपिंडे शोधणाऱ्या झटपट चाचणीला मात्र २३ ते ९० दिवस लागू शकतात. त्यामुळे चौथ्या पिढीची प्रयोगशाळेतील चाचणी ४५ दिवसांनंतर 'निगेटिव्ह' आली, तर त्या घटनेपुरता निर्णय जवळजवळ पक्का मानता येतो; झटपट चाचणीच्या बाबतीत मात्र तीन महिन्यांनंतरचा निकालच अंतिम मानावा. सरकारी केंद्रांत झटपट चाचण्यांचा वापर होतो. म्हणून सहा आठवड्यांनी एकदा आणि तीन महिन्यांनी पुन्हा, असे दोन टप्पे मनाशी ठरवावेत. पेप घेतली असेल तर हे वेळापत्रक पुढे सरकते. औषधे संपल्यानंतरच्या तारखा डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्याव्यात.

झटपट चाचणी 'पॉझिटिव्ह' आली, तरी तेवढ्यावर निदान होत नाही. वेगवेगळ्या पद्धतीच्या आणखी चाचण्या करून खात्री केल्यानंतरच निकाल सांगितला जातो. निदान पक्के झाले, तर उपचार लगेच आणि विनामूल्य सुरू होतात. नियमित औषधे घेणारी व्यक्ती आज जवळजवळ इतरांइतके आयुष्य जगू शकते. १९९० च्या दशकातील भीती मनात धरून आजची चाचणी टाळणे, म्हणजे संपलेल्या काळाशी लढणे होय.

उपदंश, ज्याला लोक गरमी म्हणतात, हा फसवा आजार आहे. संसर्गानंतर १० ते ९० दिवसांत, सरासरी तीन आठवड्यांनी, जननेंद्रियावर, गुदद्वाराजवळ किंवा तोंडात एक कडक, बहुधा न दुखणारा व्रण उठतो. तो दुखत नाही, म्हणून दुर्लक्षिला जातो. तीन ते सहा आठवड्यांत तो आपोआप भरून येतो, आणि माणूस बरे झालो असे समजतो. प्रत्यक्षात जंतू रक्तात पसरलेले असतात. काही आठवड्यांनी अंगावर, विशेषतः तळहात आणि तळपायांवर, पुरळ येते; तेही जाते. मग वर्षानुवर्षांची शांतता, आणि अखेरीस हृदय, मेंदू, डोळे यांवर घाला. गर्भवती स्त्रीला उपदंश असल्यास गर्भपात, मृत बालकाचा जन्म किंवा बाळाला जन्मतः आजार होऊ शकतो. प्रसूतिपूर्व नोंदणीच्या वेळी ही चाचणी याचसाठी करतात. रक्तातील चाचणी सहसा व्रण उठल्यानंतर एक ते चार आठवड्यांत 'पॉझिटिव्ह' होते. म्हणून शंकेनंतर सहा आठवड्यांनी आणि खात्रीसाठी बारा आठवड्यांनी चाचणी करावी. उपचार मात्र साधा आहे: सुरुवातीच्या अवस्थेत पेनिसिलिनचे एक इंजेक्शन पुरेसे होते.

येथे एक सूचना. व्हीडीआरएल या चाचणीतील प्रमाण उपचारानंतर खाली येते, परंतु टीपीएचएसारखी चाचणी उपचार पूर्ण झाल्यावरही बहुधा आयुष्यभर 'पॉझिटिव्ह' राहते. जुना अहवाल हाताशी नसेल, तर बरा झालेला माणूसही पुन्हा रोगी ठरू शकतो. अहवाल जपून ठेवावेत.

'ब' काविळीचा प्रतिजन रक्तात साधारण एक ते दहा आठवड्यांत दिसू लागतो. 'क' काविळीची प्रतिपिंडे दिसायला दोन ते तीन महिने लागतात. 'क' काविळीचा संसर्ग मुख्यतः रक्तातून होतो. सुया सामायिक वापरल्या असतील किंवा संबंधात रक्तस्राव झाला असेल, तर तिची चाचणी विशेष महत्त्वाची. या दोन्हींसाठी तीन महिन्यांची चाचणी करावी. जोखीम अधिक असल्यास डॉक्टर सहा महिन्यांनी पुन्हा बोलावू शकतात.

ज्या चाचण्यांवर पैसे घालवण्यापूर्वी विचार करावा

अनेक प्रयोगशाळा सर्व लैंगिक आजारांचे एकत्रित पॅकेज विकतात. त्यात बहुधा हर्पिसची रक्तचाचणी असते. हर्पिसच्या विषाणूची प्रतिपिंडे लोकसंख्येतील फार मोठ्या वर्गात आढळतात. लहानपणी ओठांवर उठलेल्या फोडांमुळेही ती असू शकतात. अहवाल 'पॉझिटिव्ह' आला, तरी संसर्ग कधी झाला, कोणाकडून झाला, शरीराच्या कोणत्या भागात आहे, यांपैकी कशाचेही उत्तर त्यातून मिळत नाही. अशा अहवालाने संसारात संशय मात्र पेटतो. हर्पिससाठी योग्य मार्ग एकच: पाण्याने भरलेले दुखरे फोड उठले, तर ते ताजे असतानाच डॉक्टरांना दाखवावेत, म्हणजे त्यातील नमुना तपासता येतो. एचपीव्हीच्या बाबतीतही पुरुषांसाठी सर्वमान्य चाचणी नाही. स्त्रियांनी मात्र गर्भाशयमुखाची नियमित तपासणी करून घ्यावी. तिचा संबंध एका रात्रीच्या घटनेशी नाही, तो आयुष्यभराच्या काळजीशी आहे.

लक्षण दिसले, तर दिनदर्शिका बाजूला ठेवावी

वरील सर्व तारखा लक्षणे नसणाऱ्यांसाठी आहेत. व्रण, फोड, पू, लघवीची जळजळ, ओटीपोटात किंवा वृषणात दुखणे, जांघेत गाठ, यांपैकी काही दिसले तर दोन आठवडे भरले की नाही, हे मोजत बसू नये. त्याच दिवशी दवाखान्यात जावे. घटनेनंतर दोन ते चार आठवड्यांत ताप, घसा दुखणे, अंगावर पुरळ, असा त्रास झाला, तर तो एचआयव्हीच्या सुरुवातीच्या अवस्थेचाही असू शकतो. पावसाळ्यात डेंग्यूच्या तापातही अशीच लक्षणे दिसतात. डॉक्टर डेंग्यूचीच चाचणी करतील आणि मूळ शंका कागदावर येणारच नाही. त्यामुळे घडलेली गोष्ट डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे.

औषधाच्या दुकानात जाऊन स्वतःच्या मनाने प्रतिजैविके घेणे, ही आणखी एक घातक सवय. अपुऱ्या औषधाने लक्षणे दबतात, चाचणीचा निकाल बिघडू शकतो, संसर्ग मात्र उरतो. परम्याचे जंतू तर अनेक औषधांना दाद देईनासे झाले आहेत. मित्राला लागू पडलेली गोळी आपल्यालाही लागू पडेल, याची खात्री नाही.

प्रतीक्षेच्या काळात दोन पथ्ये

पहिले पथ्य: अंतिम निकाल हाती येईपर्यंत निरोध वापरावा, किंवा संबंध टाळावेत. गवाक्ष काळात चाचणी मुकी असते, विषाणू मात्र सक्रिय असतो. किंबहुना एचआयव्हीच्या सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तातील विषाणूचे प्रमाण फार मोठे असते.

दुसरे पथ्य: रक्तदान करू नये. रक्तपेढीत एचआयव्ही, 'ब' आणि 'क' कावीळ, उपदंश आणि हिवताप यांसाठी रक्त तपासले जाते, हे खरे. म्हणून काहीजण ओळख न देता फुकट चाचणी होईल, या हिशेबाने रक्तदान शिबिराची वाट धरतात. परंतु रक्तपेढीच्या चाचण्यांनाही गवाक्ष काळ लागू आहेच. त्या काळातील रक्त चाचणीतून निसटून एखाद्या बाळंतिणीच्या किंवा थॅलेसेमियाग्रस्त मुलाच्या शरीरात जाऊ शकते. आपली शंका फेडून घेण्यासाठी दुसऱ्याचा जीव पणाला लावण्याचा अधिकार कोणालाही नाही.

'कोणी ओळखीचे भेटले तर?'

चाचणी टाळण्याचे सर्वांत मोठे कारण गोव्यात वैद्यकीय नाही, सामाजिक आहे. राज्य लहान. प्रयोगशाळेतला मुलगा शेजारच्या वाड्यावरचा असतो, परिचारिका मावशीच्या ओळखीची निघते. या भीतीला इतिहासही आहे. १९८९ मध्ये पर्रा येथील डॉमनिक डिसोझा या तरुणाने दान केलेल्या रक्तात एचआयव्ही आढळला. तेव्हाच्या गोव्यातील सार्वजनिक आरोग्य कायद्याच्या आधारे पोलिसांनी त्याला ताब्यात घेतले आणि एका जुन्या क्षयरोग आरोग्यधामात ६४ दिवस एकांतात डांबून ठेवले. आपल्याला काय झाले आहे, हेही त्याला धड सांगण्यात आले नव्हते. पुढे त्याने एचआयव्हीबाधितांसाठी 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये त्याचे निधन झाले. 'माय ब्रदर निखिल' हा चित्रपट त्याच्या आयुष्यावरून प्रेरित आहे. चाचणी म्हणजे बेइज्जती आणि कैद, ही भावना गोव्याच्या एका पिढीच्या मनात कशी रुजली असेल, ते या घटनेवरून समजते.

आजचा कायदा मात्र वेगळा आहे. एचआयव्ही आणि एड्सविषयीचा २०१७ चा केंद्रीय कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार व्यक्तीच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय एचआयव्ही चाचणी करता येत नाही. निकाल गोपनीय ठेवावा लागतो. एचआयव्हीच्या कारणावरून नोकरी, शिक्षण, उपचार किंवा भाड्याचे घर नाकारता येत नाही. जोडीदाराला धोका असेल, तर कायद्यात ठरवून दिलेल्या मर्यादेत आणि समुपदेशनानंतर डॉक्टर त्याला माहिती देऊ शकतात. हा अपवाद आहे आणि तो जोडीदाराच्या जिवासाठी आहे.

बांबोळीच्या गोमेकॉत, तसेच म्हापसा व मडगाव येथील जिल्हा इस्पितळांत समुपदेशन व चाचणी केंद्रे आहेत. लोक त्यांना आयसीटीसी या नावाने ओळखतात. तेथे एचआयव्हीची चाचणी विनामूल्य होते आणि चाचणीच्या आधी व नंतर समुपदेशक बोलतो. इतर लैंगिक आजारांसाठी सरकारी इस्पितळांतील त्वचा व गुप्तरोग विभाग, स्त्रीरोग विभाग आणि 'सुरक्षा क्लिनिक' या नावाची दालने आहेत. जवळच्या केंद्राची माहिती १०९७ या राष्ट्रीय मोफत दूरध्वनी सेवेवर नाव न सांगता विचारता येते. आपल्या गावच्या केंद्रात जाणे नकोसे वाटत असेल, तर दुसऱ्या तालुक्यातील केंद्रात जावे. मडगावच्या माणसाने म्हापशाला चाचणी करून घेण्यास कोणतीही आडकाठी नाही.

जोडीदाराला सांगणे

जिवाणूजन्य संसर्ग निघाला, तर औषध दोघांनाही एकाच वेळी घ्यावे लागते. एकट्याने घेतले, तर तोच संसर्ग पुन्हा परत येतो. उपचारानंतर किमान सात दिवस संबंध टाळावेत. लगेच पुन्हा चाचणी केल्यास मेलेल्या जंतूंचे अंशही चाचणीत दिसू शकतात, म्हणून फेरतपासणी डॉक्टर सांगतील तेव्हाच, आणि पुन्हा संसर्ग झाला नाही ना, हे पाहण्यासाठी तीन महिन्यांनी करावी. जोडीदाराला सांगण्याचे ते वाक्य जड असते, हे कोणीही नाकारणार नाही. ते एकट्याला उच्चारता येत नसेल, तर समुपदेशकाच्या समोर बसून उच्चारता येते. त्याचे काम तेच आहे.

एका कागदावर लिहून ठेवावे असे

आपले शनिवारचे उदाहरण पुन्हा घेऊ. त्याच रात्री किंवा रविवारी सकाळी: डॉक्टरांची भेट, पेपचा निर्णय, काविळीची लस, पहिली आधार-चाचणी. दुसऱ्या शनिवारी: परमा आणि क्लॅमिडिया. सहाव्या शनिवारच्या सुमारास: एचआयव्ही आणि उपदंशाची पहिली फेरी, एचआयव्हीची चाचणी चौथ्या पिढीची असेल, तर आणखी तीन-चार दिवस थांबून ४५ दिवस पूर्ण करावेत. तेराव्या शनिवारी: एचआयव्ही, उपदंश आणि कावीळ यांची अंतिम फेरी. मध्ये लक्षण दिसले, तर त्याच दिवशी. आणि तोवर निरोध, रक्तदान नाही, मनाने घेतलेली औषधे नाहीत.

एवढ्या चार तारखा कोणाच्याही घरातील भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मावतात. कारण लिहिण्याची गरज नाही. तारखेभोवती एक गोल पुरे. तेराव्या शनिवारचा गोल ओलांडून हाती आलेला 'निगेटिव्ह' निकाल हा खरा दिलासा असतो. चौथ्या दिवशीच्या निकालावर तेवढा भरवसा ठेवता येत नाही.